रविवारी बंद पडणारी मोटरसायकल

जगातलं कुठलंही यंत्र माणसाशी कधीही खोटं बोलत नाही. माणूस खोटं बोलतो, फोटो खोटं बोलतो, थडग्यावरचा दगड तर सर्रास खोटं बोलतो. पण यंत्राला जे झालेलं असतं तेवढंच ते सांगतं. ऐकणाऱ्याला कान हवा.

हे महावाक्य मिस्त्रींनी अंगणात उच्चारलं तेव्हा ते पालथ्या बादलीवर बसलेले होते. मांडीवर जुन्या मोटरसायकलची टाकी हट्टी बाळासारखी आडवी पडली होती, आणि श्रोते म्हणून समोर दोरीवर त्यांचेच दोन पायजमे वाळत होते. पायजम्यांनी मान डोलावली. वारा होता.

"कोणाशी बोलताय, भावजी?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून वहिनींनी विचारलं.

"टाकीशी."

"काय म्हणतेय?"

"काही म्हणत नाही. कॉक अडकलाय."

"मग आधी चष्मा डोळ्यांवर घ्या. डोक्यावर ठेवल्याने ऐकू जास्त येत नाही."

मिस्त्रींनी चष्मा खाली ओढला. वहिनींचं हे असंच. त्र्याहत्तराव्या वर्षीही खिडकीतून टाकलेला त्यांचा शब्द नेमका टाळक्यावर पडायचा.

घरात आता ही दोनच माणसं उरली होती. वरच्या खोलीत मिस्त्री, खालच्या दोन खोल्यांत वहिनी. मिस्त्रींचं लग्न राहून गेलं होतं. का, असं कोणी विचारलं तर ते म्हणायचे, "माप मिळालं नाही." आयुष्याची अडतीस वर्षं त्यांनी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात शिलाई मशिनं दुरुस्त केली होती. एकशे दहा मशिनांच्या खडखडाटात डोळे मिटून उभे राहायचे आणि म्हणायचे, "तिसरी ओळ, सातवं मशीन, सुई वाकडी." आणि सुई वाकडी निघायची. तिथल्या बायका त्यांना सुईचे डॉक्टर म्हणायच्या. मिस्त्री लाजून तेलाच्या बुधलीमागे तोंड लपवायचे.

पण असा धन्वंतरी माणूस एका रोग्यापुढे हरला होता, आणि तो रोगी गेली सहा वर्षं त्यांच्याच अंगणात, पत्र्याखाली, गोणपाट पांघरून उभा होता.

मोटरसायकल थोरल्या भावाची, सहा वर्षांपूर्वी वारलेल्या. थोरले शाळेत भूमिती शिकवायचे. सारं गाव त्यांना मास्तर म्हणे, मिस्त्री दादा म्हणत. दादा सरळ रेषेत चालायचे, काटकोनात वळायचे, आणि त्यांनी एखादी गोष्ट सांगितली की ती सिद्ध झाली असंच घरात धरलं जाई. अशा माणसाची मोटरसायकल दर रविवारी संध्याकाळी कालव्याच्या रस्त्यावर बंद पडायची. सोमवारी नाही, बुधवारी नाही. शाळेत जाता-येता ती मुंगीच्या इमानाने चालायची. रविवारी दुपारनंतर दादा वहिनींना मागे बसवून हवा खायला निघाले की कालव्याच्या पुलापलीकडे, त्या एका मोठ्या झाडाखाली, तिचा जीव जायचा.

मग घरात दिवेलागणीला आई म्हणायची, "धाकट्या, बघ रे बाबा. पुन्हा निजली वाटतं ती भवानी." आणि धाकटा एका हातात पान्यांची पिशवी, दुसऱ्या हातात पेट्रोलचा डबा घेऊन अडीच मैल चालत जायचा. तिथे पोचला की झाडाखाली मोटरसायकल उभी, शेजारी दादा हात मागे बांधून उभे, आणि वहिनी मैलाच्या दगडावर बसलेल्या. धाकट्याने इथे पाना फिरवायचा, तिथे नळी फुंकायची, किक मारायची. एका किकेत चालू! जणू काही झालंच नव्हतं.

पहिल्या वर्षी मिस्त्रींना याचा अभिमान वाटला. दुसऱ्या वर्षी शंका आली. तिसऱ्या वर्षापासून झोप उडाली. त्यांनी प्लग बदलला, कार्बोरेटर उकडला, टाकी आतून धुतली, वायरी नव्या घातल्या. कधी उष्णतेचा सिद्धांत मांडला, कधी कालव्यावरच्या दमट हवेचा. एकदा तर वहिनींच्या वजनाचा मांडून पाहिला आणि आठवडाभर गार जेवण जेवले. एकदाच, फक्त एकदाच, त्यांनी धीर करून विचारलं होतं, "दादा, पेट्रोलचा कॉक चालू असतो ना हो?"

दादांनी चष्म्यावरून पाहिलं होतं. "मी भूमिती शिकवतो," ते म्हणाले होते.

तो विषय तिथेच मिटला. थोरल्या भावाला तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

पुढे दादा चारचौघांत हसून म्हणू लागले, "आमच्या धाकट्याची दुरुस्ती सोमवार ते शनिवार चालते. रविवारी तिला सुट्टी." लोक हसायचे, मिस्त्रीही हसायचे. त्याच सुमारास त्यांच्या डोक्यात मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान काढायचं घोळत होतं. जागा पाहिली होती, नाक्यावर, दोन बाजूंनी उजेड असलेली. बोर्डही रंगवून घेतला होता, निळ्यावर पांढरी अक्षरं. पण ज्याला सख्ख्या भावाचं इंजिन ताळ्यावर आणता येत नाही त्याने परक्यांच्या गाड्यांना कुठल्या तोंडाने हात लावायचा? बोर्ड माळ्यावर गेला. मिस्त्री सुयांकडे परतले. त्याला आता चाळीस वर्षं झाली, आणि बोर्डाच्या मागच्या बाजूला उंदरांच्या तीन पिढ्या सुखाने नांदून गेल्या.

आज हे सगळं उकरून निघायचं कारण एक छापील कागद होता. उद्या सकाळी गावातल्या तांत्रिक शाळेचे लोक मोटरसायकल न्यायला येणार होते. मुलांना शिकायला म्हणून वहिनींनी ती देऊन टाकली होती. शाळेने एक फॉर्म पाठवला होता, आणि तो भरणाऱ्याला काय काय माहीत असायला हवं होतं ते पाहून मिस्त्री थक्क झाले होते. 'देणगीदाराचे वाहनाशी नाते' या रकान्यात वहिनींनी 'चांगले' असं लिहिलं होतं. बाकी सगळं भरून झालं होतं. एकच रकाना रिकामा होता आणि वहिनींनी तो मिस्त्रींच्या पुढ्यात सरकवला होता:

'वाहनातील ज्ञात दोष.'

मिस्त्री तीन दिवस त्या रकान्याकडे बघत होते. 'रविवारी बंद पडते' असं लिहावं, तर शाळेतला कोणी शहाणा अर्ध्या तासात दोष काढणार आणि मिशीत हसणार, की कोण तो मिस्त्री, ज्याला चाळीस वर्षांत एवढं दिसलं नाही? 'दोष नाही' लिहावं, तर पेन अडायचं. बाकी त्यांचे कितीही दोष असोत, खोटी सही त्यांच्याने होत नव्हती.

म्हणून शेवटचा प्रयत्न. चाकांत हवा भरून झाली होती, प्लग साफ झाला होता, साखळीला तेल मिळालं होतं. राहिला होता पेट्रोलचा कॉक. टाकीच्या पोटाखालचा हा पितळी तोटीसारखा नग. खटका फिरवला की पेट्रोल चालू, परत फिरवला की बंद. सहा वर्षं टाकीत राहिलेलं पेट्रोल आटून त्याचा डिंक झाला होता आणि कॉक 'बंद'वर असा घट्ट बसला होता, जसा एखादा नातेवाईक भांडणानंतर कोपऱ्यात बसतो. ओढलं तर तुटेल, सोडलं तर जन्मभर तिथेच.

मिस्त्रींनी टाकी उलटी करून जुनं पेट्रोल फडक्यातून बाटलीत गाळलं. काळ्या चहासारखा रंग, आणि वास पेट्रोलचा नाहीच. लाकडी कपाटाला नवं पॉलिश केल्यासारखा. मग कॉक सोडवला आणि हाक मारली, "वहिनी, पातेलंभर उकळतं पाणी द्याल का?"

"चहा टाकतेच आहे."

"चहा नको. कॉकला आंघोळ घालायचीय."

वहिनींनी दोन्ही आणलं. पाण्याचं पातेलं आणि चहाचा पेला, शेजारी शेजारी, आणि तिथेच आधीपासून रॉकेलचा पेला होता. मिस्त्रींनी कॉकवर उकळतं पाणी सोडलं, फडक्यात धरला, खटक्याला हळूच कान पिळल्यासारखं पिळलं. नाही. पुन्हा पाणी. नाही. मग ब्रश बुडवून फटीफटीतून फिरवला आणि तोंडाला पेला लावला. ब्रश चहात बुडवला होता, हे तेव्हा कळलं. पेलाही चहाचाच निघाला हे नशीब. चहाला काही फरक पडला नव्हता, आणि वहिनींच्या चहाबद्दल याहून जास्त काही बोलणं मिस्त्रींनी आजवर टाळलं होतं.

मग ते थांबले. अडकलेल्या गोष्टीला वेळ द्यावा लागतो, हे सुयांनी त्यांना शिकवलं होतं. कॉक रॉकेलच्या पेल्यात ठेवला, भिंतीला पाठ टेकली आणि तळाशी पडलेल्या त्या पितळेकडे बघत बसले.

दुपार पातळ झाली होती. रॉकेलमधून बारीक बारीक बुडबुडे वर येत होते, एकेक, सावकाश, झोपेतल्या माणसाच्या श्वासासारखे. प्रत्येक बुडबुड्याबरोबर जुन्या पेट्रोलचा एक तपकिरी धागा निघून वर तरंगत यायचा आणि विरून जायचा. मिस्त्रींना वाटलं, सहा वर्षांपूर्वीचा एक एक दिवस सुटतोय. हा मंगळवार गेला. हा शनिवार. दादा टाकीचं झाकण लावताहेत, हात रुमालाला पुसताहेत, रुमालाची काटकोनात घडी घालताहेत. अंगणातला पत्रा कालव्याच्या पाण्यासारखा हलत होता. पायजमे पुलाच्या कठड्यावर पाय सोडून बसले होते. कठड्यावर पांढऱ्या रंगाचे तीन ठिपके होते, पहिल्या दोनांवर फुल्या मारलेल्या, तिसरा स्वच्छ. कालवा खात्याची काहीतरी खूण, असं म्हणत मिस्त्री डबा घेऊन शेकडो वेळा त्यांच्यावरून गेले होते. आता स्वप्नात दादा पुलावर वाकून तो तिसरा ठिपका रंगवत होते, अगदी मन लावून, वहीतली चूक सुधारावी तसे.

खट्.

मिस्त्री दचकले. हात आपोआप पेल्यात गेला होता आणि बोटांत खटका फिरला होता. अलगद, दार आतून कोणी उघडावं तसा.

"सुटला!" ते ओरडले.

"पाणी सांडू नका," खिडकी म्हणाली.

पुढचं काम हातांनी केलं, मिस्त्री नुसते बघत होते. पितळी निमुळता खुंटा बाहेर काढला, धुतला, बारीक भुकटी आणि तेल लावून त्याच्याच घरात गरगरा फिरवून चोख बसवला. चालू, बंद, चालू, बंद. लोण्यासारखा. फक्त खटक्याला जोडलेली ती लांब काडी तेवढी फडक्यात अडकत होती. ती काडी म्हणजे कंपासपेटीतल्या कर्कटकाचा एक पाय. मिस्त्रींनीच ती डाग देऊन जोडली होती, लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी. म्हणजे दादांच्या लग्नानंतरच्या. "कॉक फिरवायला फार वाकावं लागतं रे, पाठ दुखते," दादा म्हणाले होते, तेव्हा वय एकोणतीस. कर्कटकही त्यांनीच दिलं होतं.

टाकी बसवली, नळी जोडली, सकाळीच आणलेलं दोन लिटर ताजं पेट्रोल ओतलं. खटका चालूवर. चौथ्या किकेला मोटरसायकल शिंकली, सातव्या किकेला धुराचा एक भलामोठा ढग अंगणात सोडून चालू झाली. दोरीवरचे पायजमे खोकले. मिस्त्री डोळे मिटून ऐकू लागले. धक्-धक्, धक्-धक्. कुठे खोट नव्हती. तक्रार नव्हती. इतकं निरोगी इंजिन त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

दुरुस्त केलेला कॉक तपासायचा तर बंद करून पाहावा लागतो. मिस्त्रींनी खटका बंद केला आणि मनगटावरचं घड्याळ धरलं. इंजिन लगेच थांबत नाही. कार्बोरेटरच्या वाटीत घोटभर पेट्रोल साठलेलं असतं, तेवढं संपेपर्यंत ते चालतं. एक मिनिट गेलं. दोन गेली. तिसऱ्यात वहिनी खिडकीपाशी येऊन उभ्या राहिल्या. चौथं मिनिट संपता संपता मोटरसायकल दोनदा खोकली, एक लांब उसासा टाकला आणि शांत झाली.

मिस्त्री जागच्या जागी गोठले.

दोनदा खोकली, एक उसासा टाकला आणि निजली. हे शब्द त्यांचे नव्हते. दादांचे होते. दर रविवारी रात्री जेवताना दादा हेच सांगायचे, आईला, वडिलांना, दोन बहिणींना, मुक्कामाला ठाण मांडून बसलेल्या मामांना, सगळ्यांना, तेच शब्द, त्याच क्रमाने. दोनदा खोकली, एक उसासा, निजली.

मिस्त्रींनी पुन्हा चालू केली. पुन्हा कॉक बंद केला. चार मिनिटं. दोन खोकले, उसासा. तिसऱ्यांदा केली. तेच. मग त्यांनी खाली पाहिलं. सीटवर सरळ ताठ बसलेल्या माणसाचा डावा हात सहज खाली सोडला तर कुठे पोचेल? कर्कटकाच्या पायापर्यंत. वाकावं लागत नाही. मागे बसलेल्यालासुद्धा दिसत नाही. आणि वाटीतल्या घोटभर पेट्रोलवर, मास्तर चालवायचे त्या वेगाने, गाडी जाईल किती? अर्धा मैल. पुलापासून झाडापर्यंत किती? मिस्त्रींनी ते अंतर डबा घेऊन इतक्या वेळा तुडवलं होतं की त्यांच्या पोटऱ्यांना पाठ होतं.

दोन ठिपक्यांवर फुल्या. उत्तर चुकलं होतं. तिसरा बरोबर.

"वहिनी," ते म्हणाले. आवाज कुठून तरी लांबून आला. "ती बंद पडत नव्हती."

वहिनी हात पुसत बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या. "नाही," त्या म्हणाल्या.

"दादा कॉक बंद करायचे."

"हो. तुम्ही लांबून दिसलात की परत चालू."

"पुलावर. ठिपक्यापाशी."

"पहिल्यांदा झाडाच्या पुढे जाऊन उन्हात थांबली," वहिनी म्हणाल्या. "दुसऱ्या खेपेला अलीकडे, चिखलात. मग ह्यांनी वहीत गणित मांडलं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मागे मीच बसलेली असायचे, भावजी. गाडीला माहीत असलेलं मला माहीत नसेल?"

"पण कशासाठी?"

वहिनींनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "तुमचं लग्न झालं असतं ना," त्या म्हणाल्या, "तर पहिल्या आठवड्यात कळलं असतं. तीन खोल्या, आठ माणसं. या घरात उसासा टाकला तरी चौघं विचारायचे, काय झालं. फिरायला गेलो तर अर्ध्या तासात परत, नाहीतर सासूबाईंचे प्रश्न. म्हणून गाडीने बंद पडायचं. गाडीला कोण बोलणार?"

"आणि मी? मी अंधारातून डबा घेऊन अडीच मैल..."

"त्यानेच तर वेळ मिळायचा. तुम्ही फार हळू चालता. हे म्हणायचे, धाकट्याची चाल म्हणजे देवाची देणगी."

मिस्त्रींना हसू येईना, रडूही येईना. चाळीस वर्षांचा राग छातीशी येऊन उभा राहिला, बसायला जागा शोधू लागला, पण जिकडे बघावं तिकडे आधीच कोणीतरी बसलेलं: मैलाच्या दगडावर वहिनी, कठड्याशी दादा.

"मी दुकान काढणार होतो, वहिनी," ते अखेर म्हणाले. "बोर्ड रंगवला होता."

"माहीत आहे." वहिनी पायरीवरची धूळ बोटाने बाजूला सारत राहिल्या. "ह्यांनाही माहीत होतं. माळ्यावरचा बोर्ड वर्षातून एकदा उतरवून पुसून ठेवायचे, पुढची बाजू. दर शनिवारी म्हणायचे, धाकट्याला सांगून टाकायला हवं. मग रविवार यायचा."

इंजिन निवताना करतं तसं टिक्, टिक् करत होतं.

"काय करायचा तिथे बसून?" मिस्त्रींनी विचारलं.

"काही नाही. गप्प बसायचो. एकदा हे गायले."

"दादा? गायले?"

"वाईट गायले," वहिनी म्हणाल्या, आणि खिडकीतून आजवर ऐकू आला नव्हता असा त्यांचा आवाज झाला.

मिस्त्री उठले. हात पुसले, फॉर्म घेतला, टाकीवर ठेवला. 'वाहनातील ज्ञात दोष' या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं: 'नाही. कधीच नव्हता.' खाली सही केली. पेन अडलं नाही. सहीखाली, कोणी मागितलं नसताना, लिहिलं: 'मोटरसायकल मिस्त्री.' ते वाचून वहिनी आत गेल्या आणि खांद्याला कापडी पिशवी लावून आल्या. पिशवीत काहीतरी चौकोनी होतं. खाण्याचा डबा असेल, असं मिस्त्रींना वाटलं.

"उद्या नेतील तिला," वहिनी म्हणाल्या. "एकदा चक्कर मारून आणता?"

वार गुरुवार होता. मोटरसायकलने ते मनावर घेतलं नाही.

गाव मागे पडलं तसं ऊन मऊ होत गेलं. मिस्त्री चालवायचेही चालायचे तसेच. वाटेत एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला, मग एक कुत्रं, आणि कुत्र्याने मागे वळून काळजीने पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची शेतं त्यांच्याबरोबर सावकाश वाहत होती. कालव्यात आभाळ वाहत होतं. आणि या सगळ्यात फक्त आपणच एका जागी स्थिर आहोत असं मिस्त्रींना वाटू लागलं. पान्यांची पिशवी नाही, हातात डबा नाही. या रस्त्यावर मोकळ्या हाताने ते आज पहिल्यांदाच आले होते.

पूल आला. कठड्यावर तीन ठिपके, उन्हापावसाने पुसट झालेले. दोन फुल्या अजून ओळखू येत होत्या. मास्तरांची खोडाखोड लवकर मिटत नाही.

मिस्त्रींचा डावा हात आपसूक खाली गेला. कर्कटकाचा पाय बोटांना लागला, गार, ओळखीचा. त्यांनीच दिलेला डाग. तिसऱ्या ठिपक्यापाशी त्यांनी तो फिरवला.

खट्.

मागे वहिनींनी श्वास रोखल्याचं त्यांना जाणवलं. मोटरसायकल चालत राहिली. काहीच घडत नव्हतं, आणि तरी सगळं बदललं होतं. आता ती फक्त स्वतःजवळ उरलेल्या घोटावर चालली होती, कोणाकडे काही न मागता, हलकी हलकी होत. झाड पुढून येऊ लागलं. आधी शेंडा, मग फांद्या, मग सावली. मिस्त्रींना वाटलं, चुकणार. पुढे जाणार, उन्हात थांबणार. पण गणित मास्तरांचं होतं. मोटरसायकल दोनदा खोकली, एक लांब उसासा टाकला, घरंगळत सावलीत शिरली आणि पुढचं चाक मैलाच्या दगडाला नाक लावून उभं राहिलं.

पानं हलत होती. पाणी कुठेतरी हळू आवाजात स्वतःशी बोलत होतं. वहिनी उतरल्या, दगडावर जाऊन बसल्या आणि शेजारची जागा हाताने झाडून ठेवली.

आपण फक्त एक कॉक सोडवलेला नाही, असं मिस्त्रींना आतून वाटत होतं. चाळीस वर्षांचं काहीतरी सुटलं होतं, वाहू लागलं होतं, आणि या क्षणी त्यावर एखादं मोठं, कायमचं वाक्य बोललं गेलंच पाहिजे होतं. त्यांनी टोपी काढली. कालव्याकडे तोंड केलं.

"वहिनी," ते म्हणाले, "जगातलं कुठलंही यंत्र माणसाशी..."

"भावजी," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून ती चौकोनी वस्तू बाहेर काढली. मिस्त्रींनी पाहिलं. जुना, पोचे आलेला, कडीला सुतळी गुंडाळलेला पेट्रोलचा डबा.

मिस्त्री डब्याकडे बघत राहिले. मग मोटरसायकलकडे. "टाकीत पेट्रोल आहे, वहिनी," ते म्हणाले. "मीच ओतलंय. दोन लिटर."

"ते असू दे," वहिनींनी डबा पुढे केला. त्या त्यांच्याकडे बघत नव्हत्या, झाडून ठेवलेल्या जागेकडे बघत होत्या. "जरा पेट्रोल घेऊन येता का? आणि तुम्ही चालता तसेच चाला."